जर्मन पाहुणा, सोलापूरचं लॉज आणि सी फॉर्म

परदेशी माणसाला त्रास होतो तो विमानतळावर, असं आपण धरून चालतो. जानेवारीत आमच्या टॉवेलच्या धंद्यातला एक जर्मन पाहुणा सोलापूरला आला आणि मला दिसलं की विमानतळ त्यातल्या त्यात सोपा, अडतं ते पुढं गावात येऊन.

मुंबईत त्याला घ्यायला मीच गेलो होतो. ई-व्हिसावर आलेला, ही सोय २०१४ पासून आहे, अर्ज घरबसल्या करायचा आणि उतरल्यावर काउंटरला बोटांचे ठसे, फोटो. रांग मोठी होती, बाहेर यायला बराच वेळ लागला पण माणूस खुशीत! म्हणाला, ऑफिसरनं कुठं जाणार विचारलं, मी सोलापूर म्हणलो तर तो हसला आणि दोन्ही हातांनी गळ्यापर्यंत पांघरूण ओढल्यासारखं करून दाखवलं. चादर! मग टॅक्सीत बसून त्याला आमच्या चादरीची सगळी गोष्ट सांगितली.

मी पण प्रदर्शनासाठी युरोपात जातो. तिकडं एक रांग युरोपियन पासपोर्टवाल्यांची आणि एक बाकी सगळ्या जगाची. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो तो, हातात असला तरी आत सोडतीलच असं नसतं, कशाला आलात, राहणार कुठं, परतीचं तिकीट दाखवा, पैसे किती आणलेत, हे सगळं विचारायचा त्यांना अधिकार आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण एका विमानतळावर मला बाजूला उभं केलं, फाईलमधला एकेक कागद काढून काउंटरवर पसरला, आणि एवढ्या वेळात त्या माणसानं एकदा पण माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. मागच्या रांगेतली माणसं मात्र माझ्याकडंच बघत होती. ते अजून डोक्यातून जात नाही. आता १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडं हळूहळू शिक्का बंद होऊन फोटो आणि ठसे घ्यायची नवी सिस्टीम आलीय, बघू, पण मशीनमागं बसलेला माणूस कसा बोलतो यावरच सगळं असतं असं मला वाटतं.

असो. दुपारची वंदे भारत पकडली, रात्री साडेदहा वाजून गेल्यावर सोलापुरात उतरलो. लॉज आधीच फोन करून ठरवलेलं, जर्मन पाहुणा आहे हे पण सांगितलेलं. काउंटरवरच्या पोरानं पासपोर्ट बघितला आणि माझ्याकडं सरकवला.

"साहेब, रूम हाय, पण फॉरेनर नको."

"का ओ? फोनवर हो म्हणला होता की."

"मालक नको म्हणतेत. पोलिसांचं लफडं असतंय त्याचं."

पाहुण्याला मराठी येत नव्हतं पण परत आलेला पासपोर्ट त्यानं बघितला होता. मला विचारलं, माझ्या व्हिसात काही चूक आहे का? मला तिथं उभं राहवेना. जवळपास आणखी विचारलं, गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा, चालू असल्यानं काही ठिकाणी खरंच जागा नव्हती, काही ठिकाणी तेच उत्तर.

आता हे लफडं म्हणजे काय, तर लोक अजून सी फॉर्म म्हणतात तो, २०२५ च्या नव्या नियमांत त्याचं नाव फॉर्म ३ झालंय. परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारी वेबसाईटवर भरायची. पासपोर्ट नंबर, व्हिसा नंबर, कुठून आला, इथून कुठं जाणार, फोटो. लॉजवाल्यानं एकदा लॉगिन काढलं की पुढं फक्त भरत जायचं. फॉर्म भरून ठेवा म्हणतो कायदा, परदेशी माणूस ठेवू नका असं कुठंच म्हणत नाही! लोक भितात ते न बघताच.

शेवटी घरी आणला. घरी ठेवला तरी हा फॉर्म भरावाच लागतो, खूप जणांना हे माहीतच नसतं. आईनं कडक भाकरी, शेंगाची चटणी वाढली, तो भाकरी मोडत बसला आणि मी शेजारी लॅपटॉपवर फॉर्म भरत बसलो, त्याचं जेवण व्हायच्या आत झालं पण.

दुसऱ्या दिवशी कारखाना, मग डॉ. कोटणीसांच्या घरातलं त्यांचं स्मारक. १९१० साली सोलापुरात जन्मलेला माणूस, १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातनं चीनला गेला, जखमी सैनिकांवर उपचार करत १९४२ ला तिथंच वारला, वय जेमतेम बत्तीस. चिनी लोकांनी त्याला आपला मानला, तिकडून पाहुणे आजही हे घर बघायला येतात. आपल्या पोराला परक्या मुलखानं असं जवळ केलं त्या गावात पासपोर्ट बघून माणसाला दारातनं परत पाठवायचं, हे मला बिलकुल पटत नाही.

उन्हाळ्यात तो डिझाईनवाल्यांना घेऊन परत येतोय. सगळे आमच्या घरात मावणार नाहीत, म्हणून सध्या संध्याकाळी स्टेशनजवळच्या लॉजवाल्यांकडं फिरतोय. एका मालकाचं लॉगिन मीच शेजारी बसून काढून दिलं, बाकीचे बघू म्हणलेत, पुढच्या आठवड्यात परत जाणार.