एफ८बी टर्बो अपडेट : दुसरं बॅरल एकदाचं हललं

माझ्या मारुती ८०० च्या एफ८बी इंजिनाला मी टर्बो बसवतोय, म्हणजे कार्बमधून (कार्ब्युरेटर, हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) जास्त दाबाची हवा, म्हणजेच बूस्ट, इंजिनात ढकलायची. त्या कार्बच्या खाली बसवलेल्या गेजवर काल पहिल्यांदा ०.१८ बार बूस्ट दिसला. कार्बच्या वर ०.३५, खाली ०.१८. म्हणजे अजून निम्मंच प्रेशर पोचतंय, पण इतके महिने खालचा काटा ०.०५ च्या पुढे सरकायचं नाव घेत नव्हता. त्यामुळे मी जाम खूश आहे आणि हात धुऊन लगेच लिहायला बसलोय.

सेटअप तोच : कार्बवाली ८००, मल्टिजेट डिझेलवरचा केपी३५ टर्बो, ब्लो-थ्रू (टर्बो आधी, कार्ब नंतर), हवा थंड करणारा इंटरकूलर अजून नाही. मागच्या वेळी आपण इलेक्ट्रिक पंप आणि बूस्टबरोबर एकास एक प्रेशर वाढवणाऱ्या रेग्युलेटरपर्यंत आलो होतो. बूस्ट आला की फ्लोट बाऊलमध्ये (कार्बातल्या पेट्रोलच्या वाटीत) पेट्रोल शिरेनासं व्हायचं, ते दुखणं तिथे संपलं. वाइडबँड (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर) बूस्टमध्ये लॅम्डा ०.८० ते ०.८२ दाखवतोय, म्हणजे पेट्रोल पुरेसं जातंय. इग्निशन टायमिंग मागे घेतलंय, नॉकिंग नाही, प्लगचा रंग छान. कागदावर सगळं बरोबर, पण चढावर तीन हजार आरपीएमच्या पुढे गाडी ओढायचीच नाही. टर्बोची शिटी ऐकू येते, वरचा गेज बूस्ट दाखवतो, आणि इंजिन मात्र ढिम्म.

कळीचं काम केलं ते दुसऱ्या गेजने. आपण बहुतेक सगळे बूस्ट मोजतो टर्बोच्या तोंडाशी नाहीतर कार्बच्या टोपीवर, कारण तिथे निपल बसवणं सोपं. पण इंजिनला मिळते ती हवा थ्रॉटलच्या खालची. इनटेक मॅनिफोल्डवर वेगळं निपल टाकून दुसरा गेज लावला, तेव्हा वर ०.३५ आणि खाली ०.०५ असं चित्र दिसलं. इंजिनाला हवी तेवढी हवा कार्बमधून उतरतच नव्हती. ब्लो-थ्रू करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवसापासून दोन गेज लावावेत, असं माझं आता ठाम मत आहे. वाइडबँडसुद्धा इथे मदतीला येत नाही. हवा कमी आणि पेट्रोलही त्याच प्रमाणात कमी, मग मिश्रण सुरेखच दिसणार.

मग संशय गेला दुसऱ्या बॅरलवर. आपल्या कार्बात हवेच्या दोन नळ्या, म्हणजे बॅरल : पहिलं ॲक्सिलरेटरच्या केबलवर उघडतं, दुसरं डायाफ्रामवर (रबरी पडद्यावर). डायाफ्रामच्या एका बाजूला स्प्रिंग आणि व्हेंच्युरीतून (बॅरलच्या अरुंद गळ्यातून) आलेला व्हॅक्यूम, दुसऱ्या बाजूला मोकळी हवा. हवेचा वेग वाढला, व्हेंच्युरीत दाब घटला, की डायाफ्राम आत ओढला जातो आणि त्याचा रॉड दुसरं बॅरल उघडतो. नॅचरली ॲस्पिरेटेड गाडीला झकास योजना. पण टर्बोची हवा आली की व्हेंच्युरीतच वातावरणापेक्षा जास्त दाब होतो. समजा टोपीत ०.३५ आहे आणि व्हेंच्युरीत त्यातले ०.०७ घटले, तरी डायाफ्रामच्या व्हॅक्यूमच्या कप्प्यात ०.२८ बार चढतो, आणि पलीकडे बाहेरची साधी हवा. म्हणजे डायाफ्राम ओढला जायच्या ऐवजी उलटा ढकलला जातो. ऐन गरजेच्या वेळी बूस्टच दुसरं बॅरल दाबून बंद धरतो.

पटलं तरी डोळ्यांनी बघायचं होतं. रॉडवर पांढऱ्या मार्करने रेघ मारली, फोन बॅटरीच्या कडेला बांधला, बॉनेट लावलं आणि मित्राच्या शेतातल्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल दिला. टर्बोचा पाइप काढून ठेवला तेव्हा तीन हजारच्या सुमारास रेघ हळूहळू सरकत आत गेली, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखी. पाइप जोडून तोच चढ, तोच गिअर : रेघ जागची हलली नाही. उलट बूस्ट चढताना रॉड किंचित बाहेर येऊन थरथरताना व्हिडिओत स्पष्ट दिसतो. इतका स्वच्छ पुरावा आजवर या प्रोजेक्टमध्ये मिळाला नव्हता.

आता उपाय. दुसरं बॅरल पहिल्याला तारेने बांधून टाका, असं अनेकजण सुचवतात. मला ते नको. दुसऱ्या बॅरलला ॲक्सिलरेटर पंपाची पिचकारी नाही. खालच्या आरपीएमला ते एकदम उघडलं की मिश्रण पातळ होऊन गाडी बुडते, आणि टर्बो बसवलेल्या इंजिनात क्षणभराचं पातळ मिश्रणही मला नको आहे. पिस्टन वितळायला तेवढं पुरतं.

सरळ उपाय म्हणजे डायाफ्रामच्या उघड्या बाजूलाही बूस्टच द्यायचा. दोन्हीकडे ०.३५ चढले की फरक उरतो तो फक्त व्हेंच्युरीच्या घटीचा, जो मूळ डिझाइनला अपेक्षित आहे. अडचण रॉडची. उघडी बाजू झाकली तर रॉड झाकणातून बाहेर काढावा लागतो, आणि तिथे ओ-रिंग (गोल रबरी सील) टाकली तर तिचं घर्षणच डायाफ्रामला जड होतं. डायाफ्रामची जोर करायची ताकद किती? माझा साधारण ३६ मिलिमीटरचा आहे, म्हणजे १० चौरस सेंटिमीटर. ०.०७ बारच्या फरकाने जेमतेम ७०० ग्रॅमचा जोर येतो, त्यातून स्प्रिंग वजा. ओ-रिंगशी भांडायला काही शिल्लक राहत नाही.

घर्षणाशिवाय सील करणारी वस्तू सापडली ती ब्रेकच्या कॅलिपरमध्ये. स्लायडिंग पिनवर जो घडीचा रबरी बूट असतो ना, तोच! एक टोक झाकणाला घट्ट, दुसरं रॉडला घट्ट, मधली घडी रॉडबरोबर हलते, घासत काहीच नाही. उद्यमनगरातल्या आमच्या लेथवाल्या मामांनी ॲल्युमिनियमची छोटी वाटी वळून दिली, कडेला ४ मिलिमीटरचं निपल, मधे बुटासाठी खाच. फिनिश असा की हातात घेऊन बघत बसावं. ज्यांना वाटतं की असले पार्ट बाहेरून मागवल्याशिवाय मिळत नाहीत, त्यांनी एकदा कोल्हापूरला यावं. कागदावर हाताने काढलेलं चित्र घेऊन गेलात तरी काम होतं. याउलट ऑनलाइन मागवलेले सिलिकॉनचे होज. 'चार थर' म्हणून विकलेला होज कापून बघितला, तर आत जाळीचे दोनच थर. बूस्टच्या पाइपाला घेताना कापलेली कड बघा, थर मोजा, मगच पैसे द्या.

वाटी बसवली, टोपीवरून होज आणला, आणि कालचा तो ०.१८ दिसला. व्हिडिओत रेघ निम्मी आत जाते. चढावर गाडी तिसऱ्यातही ओढत राहिली, चार हजारपर्यंत. साडेपाचशे मीटर उंचीवरच्या आपल्या हवेत ८०० असा चढ तिसऱ्यात घेत नाही, हे ज्यांनी चालवली आहे त्यांना सांगायला नको.

पण निम्मीच का? आज सकाळी वाटी टेबलावर घेऊन मामांनी कॉम्प्रेसरची हवा दिली आणि म्हणाले, "भावा, हवा धरतंय बघ झकास, पर रॉड भायेर ढकलतंय की!" खरंच. डायाफ्राम जोडलेला नसतानाही बूट फुगतो आणि रॉडला बाहेर लोटतो. बुटाची घडी आतून सुमारे १४ मिलिमीटर, म्हणजे दीड चौरस सेंटिमीटर. त्यावर ०.३५ बार म्हणजे अर्धा किलो, तोही बंद करायच्या दिशेने. डायाफ्राम ७०० ग्रॅमने ओढतोय आणि बूट ५०० ग्रॅमने अडवतोय. निम्मं उघडलं हेच विशेष. बूस्ट वाढवला की अडवणूकही वाढणार. छोट्या व्यासाचा बूट घेतला तर जोर कमी होईल, ७ मिलिमीटरचा मिळाला तर १३०-१४० ग्रॅमवर येईल. स्कूटरच्या डिस्क ब्रेकचे बूट बघायचे ठरवलं होतं.

ठरवलं होतं, असं लिहितोय कारण हे लिहिता लिहिताच मन बदललं. रॉडची अडचण, थ्रॉटलच्या शाफ्टमधली गळती, फ्लोट बाऊलचं व्हेंट, या सगळ्या त्रासांचं मूळ एकच : कार्बच्या आत बूस्ट आणि बाहेर साधी हवा. अख्खा कार्बच प्रेशरच्या डब्यात ठेवला तर आत-बाहेर फरकच उरत नाही. नवीन काही नाही यात. मासेराटीने १९८१ च्या बायटर्बोत वेबर कार्ब प्रेशरच्या डब्यातच बंद केला होता. रेनो ५ जीटी टर्बोने ब्लो-थ्रू उघड्यावर ठेवला, पण तिचा सोलेक्स एकाच बॅरलचा, त्यामुळे आपला प्रश्न तिला पडलाच नाही.

डबा ३ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम पत्र्याचा, आर्गन वेल्डिंग करून, असं आधी डोक्यात होतं. मग झाकणाचा हिशेब केला. २० बाय १८ सेंटिमीटरचं सपाट झाकण, ०.३५ बारला त्यावर सव्वाशे किलो जोर. पत्रा फुगणार, गॅस्केट सोडणार. चौकोनी डबा प्रेशरला वाईटच. गोल हवा, घुमटाकार हवा, आणि गॅस्केटसकट हवा. हे वाक्य लिहून उठलो आणि स्वयंपाकघरात जाऊन पाच लिटरच्या कुकरला टेप लावला.

गंमत नाही, मी गंभीर आहे. घरातला कुकर रोज साधारण एक बारला चालतो, म्हणजे आपल्या बूस्टच्या जवळजवळ तिप्पट. ॲल्युमिनियमचा, जाड तळाचा, बाहेरून बंद होणाऱ्या झाकणाचा घेतला तर तोंड पूर्ण उघडतं आणि जेट बदलायला हात आत जातो. तळाला भोक पाडून तो कार्ब आणि मॅनिफोल्डच्या मधे गॅस्केटने बसवायचा. थ्रॉटलची केबल आत न्यायची नाही. भिंतीतून छोटा शाफ्ट, दोन ओ-रिंगा, बाहेर लिव्हर. थ्रॉटलची रिटर्न स्प्रिंग दणकट असते, तिला हे घर्षण जड नाही. शिटीच्या जागी स्प्रिंगचा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह, ०.५ बारला सेट केलेला आणि तोंडाने मोठा, कारण बॅकफायर झाला तर आतल्या ज्वाळेला बाहेर पडायला वाट हवीच. कुकरचा स्वतःचा सेफ्टी प्लग उष्णतेने वितळतो, बॅकफायरच्या क्षणात तो उपयोगी नाही.

खरी भीती पेट्रोलची आहे. नीडल (बाऊलमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) अडकली आणि बाऊल ओसंडला तर पेट्रोल कुकरात साठणार. म्हणून पंपाची वायर ऑइल प्रेशरच्या स्विचमधून घेतोय, इंजिन थांबलं की पंप थांबलाच पाहिजे. आतले होज व्हिटॉनचे (पेट्रोल सोसणाऱ्या रबराचे). ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आल्यापासून जुने रबर फुगतात, हे मी माझ्या काढलेल्या मेकॅनिकल पंपाच्या डायाफ्रामवर पाहिलंय.

वेस्टगेटचं, म्हणजे बूस्ट मर्यादेत ठेवणाऱ्या टर्बोच्या झडपेचं, थोडक्यात. केपी३५ ची ती झडप उघडणारा मूळ ॲक्च्युएटर डिझेलच्या बूस्टसाठी आहे, एक बारच्या आसपास उघडतो, आपल्याला परवडणारा नाही. हलक्या स्प्रिंगचा ॲक्च्युएटर लावला, ०.३५ वर काटा स्थिर राहतो. आणि व्हीजीटीवाला (हलत्या पात्यांचा) टर्बो स्वस्त मिळतोय म्हणून विचारणाऱ्यांना : नको. डिझेलच्या व्हीजीटीच्या पात्या पेट्रोलच्या एक्झॉस्टच्या तापमानासाठी बनवलेल्या नसतात.

बारा व्होल्टच्या 'इलेक्ट्रिक टर्बो'बद्दलही विचारणा झाली. एफ८बीला साडेपाच हजारला ०.३ बार द्यायचा तर सेकंदाला सुमारे ४५ ग्रॅम हवा दाबावी लागते. त्याला दीड किलोवॅटहून जास्त ताकद लागते, म्हणजे बारा व्होल्टला दीडशे अँपिअर. आपल्या अल्टरनेटरचा जीव त्याच्या एक तृतीयांशही नाही. ऑडीने २०१६ च्या एसक्यू७ मध्ये इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर दिला तो ४८ व्होल्टचा, ७ किलोवॅटचा. प्लास्टिकच्या पंख्यावर पैसे घालवू नका.

आणि हे पुन्हा सांगतो : माझ्या गाडीची नोंदणी रद्द केलेली आहे, ती फक्त खासगी जागेत चालते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असला बदल रस्त्यावरच्या गाडीत बसत नाही.

सुझुकीने १९८७ च्या ऑल्टो वर्क्समध्ये ५४३ सीसीतून ६४ पीएस काढले. आपलं ७९६ सीसीचं इंजिन त्याच एफ घराण्यातलं, त्यामुळे ५५ पीएसचं माझं ध्येय मला अवाजवी वाटत नाही.

आता हवी ती माहिती. कुकर बसवला की बॉनेट लागणार नाही, त्याला खिडकी पाडावीच लागेल, ते मी बघतो. पण भिंतीतून पेट्रोलची लाइन न्यायला कोणी पितळी बल्कहेड फिटिंग वापरलंय का? ॲल्युमिनियमवर पितळ, मधे फायबरचा वायसर, असं डोक्यात आहे. इथेनॉलमध्ये फायबर किती टिकतो, ते ज्यांनी वापरलंय त्यांनी कळवा. तोवर मी तळ कापायचा थांबतो.