रिंगणी आणि नादकाटा

आमचं कॉलेज माणदेशात आहे. मार्च उजाडला की मागच्या माळावर मेंढ्यांनी ठेवलेलं एवढंच हिरवं उरतं: भुईरिंगणी. जमिनीला चिकटून पसरलेली, ताटाएवढी, कधी परातीएवढी. खोडाला काटे, देठाला काटे, पानाच्या शिरेवर वरून काटे आणि खालूनही. सोटमूळ इतकं खोल की कुदळीशिवाय झाड हाती लागत नाही. पावसाळ्यात बाकीचं रान माजतं तेव्हा ही मागं पडते. उन्हं तापली की जांभळी फुलं आणि कलिंगडाचं पिल्लू वाटावं अशी हिरवी-पांढरी पट्ट्यांची फळं घेऊन ही एकटी बसलेली असते. पिकली की फळं पिवळीधमक.

म्हणूनच बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला परागकणांची स्लाइड मी दरवर्षी रिंगणीवर घेते. मार्चमध्ये दुसरं फूल आणायचं कुठून?

त्या दिवशी एक मुलगी सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून म्हणाली, "मॅडम, माझ्या फुलात परागच नाहीत." तिनं परागकोश सुईनं हलवून पाहिले होते, काचेवर आपटूनही पाहिले होते. काच स्वच्छ. मी नेहमीचं सांगितलं: "अगं, झटकून पडत नाहीत ते. परागकोश चिरड, मग रंग टाक." तिनं चिरडला आणि काच परागकणांनी भरून गेली. माझ्या लेखी विषय संपला. ती मात्र तिथंच अडली. "मग माळावर कोण येतं चिरडायला? फळं तर धरलीत."

उत्तर मला माहीत होतं. बहुतेक फुलांचे परागकोश उभे फाटतात आणि पराग उघड्यावर येतात. रिंगणीचे पाच पिवळे परागकोश मात्र बंद नळ्यांसारखे असतात, फक्त टोकाला बारीक छिद्र. वांग्याचंही तसंच, एकाच सोलॅनम वंशातली भावंडं ती. योग्य माशीनं धरून थरथरवलं तरच पराग बाहेर उडतात. हे मी चौदा वर्षं फळ्यावर लिहीत आले होते, खडूनं बाण काढून. पाहिलं मात्र एकदाही नव्हतं. खोटं का सांगू, पाहायला जावंसंही कधी वाटलं नव्हतं.

प्रॅक्टिकल तिथंच थांबवलं आणि अकरा जणांना घेऊन माळावर गेले. साडेआठ झाले होते, ऊन अजून सोसण्याजोगं. एका मोठ्या झाडाभोवती आम्ही उकिडवे बसलो. आधी पोळ्याच्या माश्या आल्या. एक फुलावर उतरली, पाकळीवर काही सांडलंय का ते पाहिलं आणि निघून गेली. या फुलात मध नसतो, आणि नळी थरथरवण्याची कला मधमाशीला नसते. दहा मिनिटांत मुलांची चुळबुळ सुरू झाली. मेंढ्या घेऊन चाललेले एक मामा थांबले. कॉलेजची पोरं रिंगणीभोवती का बसलीत ते त्यांना कळेना. "दाढ दुखतीया काय कुणाची?" त्यांनी विचारलं. इकडं दाढदुखीला रिंगणीच्या बियांची धुरी घेतात. मी सांगितलं, फुलावर कोण येतं ते बघतोय. "भुंगा येतो की. फुलावर बसला की रडतो."

आणि आला. काळा, जाडजूड. उडताना त्याचा आवाज खर्जातला होता. फुलावर बसला तसं फूल वजनानं खाली झुकलं, त्यानं परागकोश जबड्यात धरले, अंग त्यांच्याभोवती वळवलं, आणि आवाज एकदम वर चढला. बारीक, ताणलेला. पंख हलत नव्हते. पंख मोकळे सोडून नुसते उडण्याचे स्नायू थरथरवायचे, ही त्याची युक्ती. वर्गातला एक मुलगा भजनात पेटी वाजवतो, तो पुटपुटला, "सूर बदलला!" दोन-तीनदा तसंच झालं, मग भुंगा शेजारच्या फुलावर गेला. त्याच्या पोटावर पिवळट भुकटी दिसत होती.

मामा म्हणाले, "म्हनलं नव्हतं?" आणि मेंढ्या हाकत गेले.

पुढची कल्पना त्या पेटीवाल्याची. सूरच लागत असेल तर फिजिक्सच्या लॅबमध्ये नादकाटे आहेत. तिथले परिचर अण्णा कुणाला टाचणीसुद्धा सहीशिवाय देत नाहीत. मी सेकंदाला 256 कंपनांचा आणि 512 कंपनांचा असे दोन काटे सही करून आणले. रजिस्टरमधल्या 'कारण' या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, तो रिकामाच सोडला.

पहिला प्रयत्न फसला. रबरी पॅडवर काटा आपटून आम्ही तो फुलाजवळ धरला. नुसता नाद ऐकून फूल काही दाद देईना. मुलं हसायला लागली. मग लक्षात आलं, भुंगा लांबून गात नाही, तो धरून हलवतो. फुलाखाली काळा कागद धरला, 256 चा काटा पुन्हा वाजवला आणि त्याचं टोक परागकोशांना अलगद टेकवलं. फुर्रकन ढग उडाला. खरंच ढग, पिठाची चिमूट फुंकावी तसा, आणि काळ्या कागदावर पिवळट ठिपका. ज्या मुलीनं प्रश्न विचारला होता तिनं माझ्या हातातून काटा जवळजवळ ओढूनच घेतला. त्या घाईत रिंगणीचा काटा माझ्या अंगठ्यात गेला तो गेलाच.

त्याच फुलाला आम्ही पुन्हा काटा लावला. दुसऱ्यांदा ढग आला, पण लहान. तिसऱ्यांदा आणखी लहान. म्हणजे झाड सगळा माल एका गिऱ्हाइकाला देत नाही, रेशनसारखा मोजून देतं. मध नाही, परागच मजुरी. ती एकाच भुंग्यानं उचलून नेली तर दुसऱ्या फुलापर्यंत पोचणार काय?

परतल्यावर हर्बेरियमचं, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या झाडांचं कपाट उघडलं. रिंगणीचे तीन जुने कागद निघाले, तीन हस्ताक्षरांत तीन नावं. सर्वात जुन्यावर सोलॅनम झँथोकार्पम, म्हणजे पिवळ्या फळाचं. दुसऱ्यावर सुरत्तेन्स, सुरतेवरून. तिसऱ्यावर व्हर्जिनियानम, लिनियसनं 1753 मध्ये दिलेलं आणि जुनं म्हणून आज ग्राह्य धरलेलं. आपल्या माळावरच्या रिंगणीला अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचं नाव! दशमुळात हिला कंटकारी म्हणतात ते निदान काट्यांना धरून तरी आहे. कागद मात्र तिन्ही सारखेच, काट्यांनी आरपार भोसकलेले.

चारला काटे परत करायला गेले. अण्णांनी 256 चा उजेडात धरला. "मॅडम, हळद कशाची लागलीय याला?"

मी पदरानं पुसायला गेले तर त्यांनी हात मागं घेतला, स्वतःच्या फडक्यानं दोन्ही काटे पुसले आणि रजिस्टर पुढं सरकवलं. "आणि हे कारण राहिलंय."

मी लिहिलं: फूल वाजवण्यासाठी. अण्णांनी वाचलं, चष्मा वर केला, आणि खाली सही केली.