आधी बूट, मग पेडल: सामान लादलेल्या सायकलवरच्या सफरीचा वृत्तांत

सपाट डांबरी रस्ता, लांबलचक घाट, खडीची वाट आणि शेवटच्या टप्प्यात पावसाने झालेला चिखल, अशा सगळ्या प्रकारच्या रस्त्यांवरून आम्ही दोघे नुकतेच सायकलने लांबची सफर करून आलो. दोघांच्या सायकली जवळपास सारख्या होत्या आणि कॅरिअरवरचे ओझेही सारखेच होते. फरक होता तो पेडलांचा. माझ्या सायकलला एसपीडी पद्धतीची (शिमानो कंपनीची) क्लिपलेस पेडले होती, म्हणजे बुटाच्या तळव्याला बोल्टने बसवलेला छोटा तुकडा, क्लीट, पेडलच्या स्प्रिंगच्या पकडीत अडकतो. माझा सोबती मात्र पोलादी टो-क्लिप, म्हणजे पेडलवरचा बुटाचे टोक आत सरकवण्याचा सांगाडा, आणि तो आवळणारे चामडी पट्टे यांवर ठाम होता. मध्यंतरी एका मुक्कामी आम्ही पेडलांची अदलाबदल केली. बुटांचे माप एकच असल्यामुळे ते शक्य झाले आणि म्हणून पुढील मजकूर केवळ स्वतःच्या सवयीची तरफदारी करणारा नाही.

सपाट रस्त्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. क्लिपलेस पेडलांमुळे पाय वर ओढूनही जोर लावता येतो, असे त्यांचे पुरस्कर्ते नेहमी सांगतात. परंतु दिवसभर टिकेल अशा मध्यम वेगाने जाताना सगळा जोर पेडल खाली दाबतानाच लागतो आणि वर येणारा पाय फार तर स्वतःचे वजन उचलतो. त्यामुळे वेगाच्या आशेने पेडले बदलू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही प्रकारांचा खरा लाभ एवढाच, की धक्के बसले किंवा पेडल ओले झाले तरी पाऊल जागेवरून हलत नाही.

घाटात मात्र फरक ठळकपणे जाणवला. चढावर थांबून पुन्हा निघताना भरलेली सायकल अत्यंत हळू चालते आणि दुसरा पाय पेडलवर स्थिरावण्यास जेमतेम एक-दोन फेऱ्यांचा अवधी मिळतो. टो-क्लिपचे वजन एकाच बाजूला असल्याने मोकळे पेडल उलटे लटकते; बुटाच्या टोकाने ते फिरवून पाय आत सरकवणे ही सरावाची गोष्ट आहे, आणि ते न साधल्यास उलटी क्लिप जमिनीला घासत राहते. दोन्ही बाजूंनी अडकणाऱ्या एसपीडी पेडलवर क्लीट टेकवून दाबले की काम भागते. माझा सोबती हे सर्व इतक्या सफाईने करत असे, की त्याच्याकडे पाहून ते सोपे वाटावे. स्वतः करताना ते तसे राहिले नाही.

खडीच्या वाटेवर पारडे फिरले. तेथे उतरून सायकल ढकलावी लागली आणि चिखलात क्लीटभोवतीची खाच भरून गेल्याने पाय अडकेना. दर वेळी काडीने माती उकरावी लागे. टो-क्लिपला मातीशी काही देणेघेणे नसते. तरीही ढकलण्याच्या बाबतीत सर्वच क्लिपलेस पेडलांना एका मापाने मोजणे योग्य नाही. लूक कंपनीने बर्फावरच्या स्कीला बूट अडकवणाऱ्या पकडीवरून बेतलेले पेडल 1984 साली बाजारात आणले आणि 1985 मध्ये सायकलपटू बर्नार इनो याने त्यावर तूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली. ते शर्यतीचे पेडल होते, आणि त्या घराण्यातील तीन बोल्टची मोठी क्लीट आजही तळव्याबाहेर डोकावते. शिमानोने 1990 मध्ये आणलेल्या एसपीडीची दोन बोल्टची छोटी क्लीट तळव्याच्या खाचेत बसते, त्यामुळे त्या बुटांनी बऱ्यापैकी चालता येते. सफरीसाठी विचार करायचा तो केवळ याच दुसऱ्या प्रकाराचा.

अदलाबदलीनंतर दोन अडचणी समोर आल्या. टो-क्लिपमधून पाय सरळ मागे ओढून काढायचा असतो, तर क्लिपलेसमधून टाच बाहेर वळवून. सोबत्याचा पाय जुन्या सवयीने मागे ओढला जाई आणि सुटत नसे. आम्ही 3 मिमीच्या षटकोनी अ‍ॅलन कीने स्प्रिंगचा ताण अगदी कमी केला आणि तो भिंतीला धरून सराव करत राहिला, तेव्हा कोठे टाच वळू लागली. दुसरी अडचण गुडघ्याची होती. क्लीट माझ्या पावलाच्या कोनानुसार बसवलेली होती, त्याची पावले चालताना अधिक बाहेर वळतात. परिणामी त्याच्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखू लागली. क्लीट थोडी फिरवून आणि मागे सरकवून बसवल्यावर दुखणे ओसरले. टो-क्लिपमध्ये पाऊल आपला कोन स्वतः शोधते, हा तिचा मोठा गुण आहे. मात्र मऊ तळव्याचा बूट वापरल्यास पेडलच्या कडा टोचतात आणि पट्टा आवळल्यास बोटे बधिर होतात. सफरीत पट्टा सैलच ठेवावा.

त्यामुळे माझा सल्ला असा, की निवड बुटांपासून सुरू करावी. एकाच जोडीत सायकल चालवायची, डोंगर चढायचा आणि गावभर फिरायचे असेल, तर टो-क्लिप घ्यावी. बूट आत सहज मावेल असे माप निवडावे आणि पट्टा सरकू नये म्हणून पेडलच्या पुढच्या-मागच्या धातूच्या कडांमध्ये त्याला एक पीळ द्यावा. दिवसातील बहुतेक वेळ खोगिरावरच जाणार असेल, तर खाचेतल्या क्लीटचे, कडक पण रबरी तळव्याचे बूट आणि एका बाजूला एसपीडी, दुसऱ्या बाजूला सपाट असे पेडल घ्यावे. चिखलात आणि गर्दीत सपाट बाजू उपयोगी पडते, मात्र अडकवण्यासाठी योग्य बाजू वर आणावी लागते.

पेडले बदलताना डावे पेडल उलट्या आट्याचे असते, हे ध्यानात ठेवावे. पाना वरच्या बाजूस धरल्यास दोन्हीकडे सायकलच्या पुढच्या दिशेने आवळायचे. क्लीटचे बोल्ट ग्रीस लावून बसवावेत आणि 4 मिमीच्या अ‍ॅलन कीने अधूनमधून तपासावेत, कारण दोनपैकी एक बोल्ट गळून पडला तर टाच वळवताना क्लीट बुटाखाली गोल फिरते आणि पाय सुटत नाही. सोबत दोन जादा बोल्ट, किंवा टो-क्लिप असल्यास एक जादा पट्टा, ठेवावा. तो पट्टा सामान बांधायला आणि उतारावर उभ्या सायकलचा ब्रेक दाबून ठेवायलाही कामी येतो.