क्रॉफर्ड मार्केटमध्ये डागी सफरचंदांच्या शोधात

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भाचीला घेऊन क्रॉफर्ड मार्केटला गेले, ते खास डाग पडलेली सफरचंदं आणायला. ती वनस्पतिशास्त्रात एमएस्सी करते आहे आणि तिला फळांवरच्या बुरशा ओळखायच्या होत्या. सफरचंदाच्या बागा हिमाचल-काश्मीरला, पण त्यांचे रोग पेटीत बसून मुंबईपर्यंत येतात. या दिवसांत दोन्हीकडचा माल बाजारात असतो, म्हणून हाच हंगाम धरावा.

ठाण्याहून सकाळची फास्ट लोकल पकडली. सीएसएमटीहून मंडई चालत दहा मिनिटांवर आहे. रविवारी जाऊ नका, नंतरची काचपट्ट्या-भिंगाची खरेदी अडते. आधी खरेदीचं सांगावं, मगच फळाला हात लावावा. आम्हाला विक्रेत्या मावशींनी विचारलं, "ताई, चांगली सोडून डागी कशाला घेताय?" कारण कळल्यावर त्यांनी गाळ्यामागची बाजूला काढलेली टोपलीच पुढे केली. आमचं निम्मं काम तिथेच झालं.

पहिलं हाती आलं ते स्कॅबचं, म्हणजे खपली रोगाचं फळ. सालीवर काळपट, खरखरीत खपल्या, मधे बारीक भेगा, आत गर मात्र घट्ट आणि पांढरा. ही व्हेंच्युरिया इनइक्वालिस नावाची बुरशी. हिची लागण बागेतच होते. बुरशी गळलेल्या पानांत हिवाळा काढते आणि वसंतातल्या पावसात तिचे बीजाणू कोवळ्या पानाफळांवर उडतात. काश्मीरमध्ये १९७३ साली आणि हिमाचलमध्ये १९८३ साली तिने मोठी साथ आणली होती. अशी खपली फक्त रूप बिघडवते. धुऊन, हवं तर साल काढून ते सफरचंद खुशाल खावं. स्वस्तात मिळालं तर मी आवर्जून घेते. बागवानाची वर्षभराची मेहनत एका डागापायी मातीमोल होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

काजळी धरल्यासारखे पुसट डाग बोटाने चोळून पाहा. निघाले तर ती सूटी ब्लॉच, सालीवर वरवर वाढणारी बुरशी. शेजारी माशीने घाण केल्यासारखे चकचकीत ठिपक्यांचे पुंजके असतील तर फ्लायस्पेक, तीही वरवरची बुरशीच.

भाची एका फळापाशी अडली. देठाच्या विरुद्ध टोकाकडे लहान तपकिरी खळगे होते. तिने बुरशी म्हटलं. मी चिरून दाखवलं: सालीखाली कोरडे, स्पंजासारखे ठिपके, बुरशीचे तंतू कुठेच नाहीत. हा बिटर पिट. तो फळातल्या कॅल्शियमच्या कमतरतेने होतो, बुरशीने नाही. म्हणून चिरल्याशिवाय नाव द्यायचं नाही.

खोलगट गोल डाग, त्यावर वर्तुळं आणि गुलाबी-नारिंगी चिकट ठिपके दिसले तर बिटर रॉट, म्हणजे कोलेटोट्रिकम बुरशीची कुज. आडवं न कापता डागातून गाभ्यापर्यंत उभा काप घ्या. कुज इंग्रजी व्हीच्या आकारात आत गेलेली दिसते. पिचपिचीत, पाणीदार, फिकट कुज चमच्याने अलगद सुटून आली, कुबट वास आला आणि वर निळसर-हिरवी भुकटी असेल तर पेनिसिलियम एक्स्पान्सम. ती बहुधा तोडणीनंतर जखमेतून शिरते. ही बुरशी पॅट्युलिन नावाचं विष करते. सफरचंदाच्या रसात त्याची मर्यादा किलोमागे ५० मायक्रोग्रॅम आहे आणि उकळूनही ते पुरतं जात नाही. असं फळ कुजका भाग काढून रसात घालू नका. याबाबतीत काटकसर नको.

तिथून लोहार चाळीतून चालत प्रिन्सेस स्ट्रीटला गेलो. काचपट्ट्या, आवरणकाचा आणि १० पट भिंग घेतलं. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी उठून दिसावी म्हणून वापरायच्या लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू रंगात फिनॉल असतो, हातमोजे विसरू नका.

मागच्या वर्षी मी सगळी फळं एकाच पिशवीत घातली होती. घरी येईपर्यंत एकाची निळी भुकटी सगळ्यांवर पसरली आणि नमुने वाया गेले. या वेळी प्रत्येक फळ वेगळ्या कागदी पिशवीत घातलं, वर तारीख, गाळा आणि माल कुठला ते लिहिलं.

घरी फळं ओलसर कागद घातलेल्या डब्यांत ठेवली, झाकण थोडं उघडं. मुंबईच्या दमट उष्म्यात बुरशी वाढायला तीन-चार दिवस पुरतात, पण रोज बघावं लागतं. दोन दिवसांत राखाडी कापसासारखं दाट जाळं आणि काळ्या टाचणीच्या डोक्यांसारखे ठिपके आले तर तो रायझोपस, हीही एक बुरशी. पावावर वाढतो तोच, त्यामुळे तो बागेतून आला असं समजू नये.

चौथ्या दिवशी पारदर्शक चिकटपट्टी नारिंगी ठिपक्याला टेकवून रंगाच्या थेंबावर चिकटवली. सूक्ष्मदर्शकाखाली लांबट, एकपेशी बीजाणू दिसले. भाचीला त्यावरून लगेच जातीचं नाव लिहायचं होतं. पण कोलेटोट्रिकमच्या कितीतरी जाती एकमेकींसारख्या दिसतात, त्या डीएनएवरूनच सुटतात. आम्ही चिठ्ठीवर लिहिलं, "कोलेटोट्रिकम, जाती अनिश्चित, हिमाचलचा माल."