रोज भरणारा सी ड्राइव्ह

“अहो, काल रात्री चार जीबी मोकळे केले, आज संध्याकाळी परत लाल पट्टी!” ज्या बाईंचा संगणक होता त्यांनी तक्रार एवढ्याच शब्दांत सांगितली. सी ड्राइव्ह भरत आला की विंडोज त्याची पट्टी लाल दाखवतं. निदानाला लागणारी निम्मी माहिती त्यातच होती. जागा हळूहळू भरत जाते ती फोटो, व्हिडिओ, गेम यांनी. एका दिवसात चार जीबी जातात तेव्हा कुठला तरी प्रोग्राम डिस्कवर सतत लिहीत असतो, आणि तो सापडेपर्यंत कितीही पुसलं तरी ते पाण्यातच जातं.

संगणक विंडोज ७ चा, रॅम ८ जीबी, सी ड्राइव्ह १२० जीबीचा एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क. विंडोजमध्ये त्याची क्षमता १११ जीबी दिसत होती, पण त्यात काही चोरीला गेलेलं नसतं. डिस्क बनवणारे १००० च्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. मोकळे होते जेमतेम ३०० एमबी. बाईंनी तोवर तीन वर्षांचे फोटो पेनड्राइव्हवर हलवून संगणकावरून काढून टाकले होते आणि रिसायकल बिनही रिकामं केलं होतं. आधी पेनड्राइव्हवर नक्कल केली हे फार बरं झालं. एसएसडीवर ट्रिम चालू असतं, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा डिस्क आतूनही साफ करते, त्यामुळे बिनमधूनही गेलेली फाइल परत मिळेल अशी आशा जवळपास धरायचीच नाही.

अशा वेळी मी काहीही पुसण्याआधी बेरीज करतो. लपलेल्या आणि सिस्टिमच्या फायली दिसतील अशी सेटिंग करायची, सी ड्राइव्हच्या मुळाशी असलेल्या एकेका फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडायच्या आणि जीबीतले आकडे कागदावर मांडायचे. यूजर्स ३१, दोन्ही प्रोग्राम फाइल्स मिळून १७, विंडोज २२, पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची जागा) ८, हायबरनेशनची फाइल (संगणक बंद करताना रॅममधलं काम जपून ठेवणारी) ६. बेरीज ८४. सिस्टिम रिस्टोर, म्हणजे विंडोज आधीच्या स्थितीत नेण्याची सोय, तिचा आकडा सिस्टिम प्रोटेक्शनच्या खिडकीत मिळतो, तो होता ३. म्हणजे ८७ जीबीचा हिशेब लागला आणि वापरलेली जागा दिसत होती १११. चोवीस जीबी कुठल्याच फोल्डरमध्ये नव्हते.

हायबरनेशनची फाइल विंडोज ७ मध्ये रॅमच्या सुमारे ७५ टक्के असते, विंडोज १० मध्ये ४० टक्क्यांच्या आसपास. हायबरनेट वापरत नसाल तर ती हाताने पुसायची नाही. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पॉवरसीएफजी, स्लॅश एच, ऑफ अशी आज्ञा दिली की ती आपोआप जाते. विंडोज १० वर याबरोबर फास्ट स्टार्टअपही बंद होतं, हे माहीत असू द्या. इथे मी ती काढली, कारण पुढचं काम करायला थोडी मोकळी जागा हवी होती. सहा जीबी मिळाले. मोकळ्या जागेचा आकडा लिहून ठेवला आणि बरोबर वेळही लिहिली.

वीस मिनिटांनी पाहिलं तर शंभर एमबी कमी. बाईंनी संगणकाला हात लावलेला नव्हता.

आता ते चोवीस जीबी का दिसत नव्हते? एक्सप्लोररमध्ये प्रॉपर्टीज उघडल्या की तो फक्त आपल्या परवानगीतलं मोजतो. ज्या फोल्डरमध्ये शिरायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा हक्क लागतो ते तो गुपचूप वगळतो, आणि वगळल्याचं सांगत नाही. डिस्कचा नकाशा दाखवणारी विनडरस्टॅटसारखी साधनंही साध्या डबल क्लिकने उघडली तर तीच फसवणूक करतात. म्हणून ती नेहमी राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडायची. शिवाय भरलेल्या डिस्कवर नवं काही इन्स्टॉल करू नये. पेनड्राइव्हवरून थेट चालणारी आवृत्ती वापरावी.

तसं उघडल्यावर विंडोज फोल्डरमधल्या टेम्प या तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरचा मोठा चौकोन समोर आला. आत २४० च्या वर फायली, सगळ्यांची नावं ‘कॅब’ने सुरू होणारी, पुढे आकडे, आणि प्रत्येक साधारण १०० एमबीची. आकार जवळजवळ सारखे आणि तारखा ओळीने लागलेल्या. टास्क मॅनेजरमध्ये सगळ्या यूजरच्या प्रोसेस दाखवल्या तेव्हा मेककॅब, म्हणजे फायली दाबून ‘कॅब’ बनवणारा विंडोजचाच प्रोग्राम, चालू दिसला.

हा प्रकार एकदा समजला की परत विसरत नाही. विंडोजचे अपडेट बसवणारी सेवा, म्हणजे विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर, आपल्या कामाची नोंद विंडोजच्या लॉग्स फोल्डरमधल्या सीबीएस या फोल्डरात ठेवते. नोंदफाइल मोठी झाली की तिचं नाव बदलून सीबीएस-पर्सिस्ट आणि पुढे तारीख-वेळ असं होतं, आणि मेककॅब तिला दाबून लहान कॅब फाइल बनवतो. मात्र कॅबमध्ये २ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. एखादी नोंद त्याच्या पुढे गेली की मेककॅब काम सुरू करतो, मर्यादेला अडकतो, आणि तोवर तयार झालेली तात्पुरती फाइल टेम्पमध्ये तशीच टाकून बंद पडतो. मूळ नोंद जागेवरच असते, म्हणून पुढच्या वेळी पुन्हा तोच प्रयत्न, पुन्हा शंभर एमबीचा कचरा. इथे सीबीएस-पर्सिस्टची एक फाइल २.३ जीबीची होती. बाकीच्या सगळ्या नीट दाबल्या जाऊन काही एमबीच्या कॅब झालेल्या. या एका फाइलपायी तीन वर्षांचे फोटो संगणकावरून गेले होते.

डिस्क क्लीनअप बाईंनी दोनदा चालवलं होतं. तात्पुरत्या फायलींमधल्या ताज्या फायली ते सोडून देतं, त्यामुळे रोज नव्याने पडणाऱ्या ढिगापुढे त्याचा उपयोग नव्हता. आणि समजा टेम्प हाताने साफ केलं असतं, तरी दोन दिवसांत परत तेच.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी सर्व्हिसेसच्या खिडकीत विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर थांबवला, कारण ती सेवा चालू असताना ‘फाइल वापरात आहे’ म्हणून पुसू देत नाही. सेवा डिसेबल करून ठेवायची नाही, नाहीतर पुढचे अपडेट बसत नाहीत. मग टास्क मॅनेजरमधून मेककॅब बंद केला. त्यानंतर सीबीएस फोल्डरमधली ती मोठी नोंद पेनड्राइव्हवर हलवली. पेनड्राइव्ह फॅट ३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असला तरी चालतं, तिथे एका फाइलची मर्यादा ४ जीबी असते. शेवटी टेम्पमधल्या कॅबच्या फायली निवडून शिफ्ट-डिलीट केल्या. शिफ्ट न दाबता पुसल्या तर त्या रिसायकल बिनमध्ये जाऊन बसतात आणि जागा एक बाइटही सुटत नाही.

पट्टी लालची निळी झाली, ३२ जीबी मोकळे. काम इथे संपलं असं मात्र मानता येत नाही, कारण नोंद २ जीबीच्या पुढे मुळात का गेली हे कळायला हवं. एवढी फाइल नोटपॅड उघडत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये फाइंडस्ट्र या शब्द शोधणाऱ्या आज्ञेने ‘एरर’ हा शब्द असलेल्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये काढल्या. एकच अपडेट बसायला जात होतं आणि दर वेळी फसत होतं. सिस्टिम अपडेट रेडीनेस टूल चालवून बिघडलेले भाग दुरुस्त केले, मग विंडोजच्या फायली तपासणारी एसएफसी स्कॅननाऊ ही आज्ञा. दोन्ही पूर्ण व्हायला तासाभराहून जास्त वेळ गेला. त्यानंतर ते अपडेट पहिल्या फटक्यात बसलं.

मधल्या वेळात बाईंनी विनएसएक्सएस या, विंडोजचे स्वतःचे भाग ठेवणाऱ्या फोल्डरकडे बोट दाखवलं. “हा बारा जीबीचा, हाच काढून टाका ना.” नको. त्यातल्या बऱ्याच फायली हार्ड लिंक असतात, म्हणजे डिस्कवर एकदाच असलेली फाइल दोन ठिकाणी दिसते आणि एक्सप्लोरर ती दोनदा मोजतो. खरी जागा बरीच कमी असते. हाताने तिथलं काही काढलं तर विंडोज चालू न होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. सर्व्हिस पॅक १ असलेल्या विंडोज ७ मध्ये डिस्क क्लीनअपला ‘विंडोज अपडेट क्लीनअप’ हा पर्याय जोडणारं अपडेट आलेलं होतं. तो पर्याय वापरला, आणखी अडीच जीबी सुटले.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला बाईंनी फोनवर आकडा वाचून दाखवला. फरक ४० एमबीचा, तोही ब्राउझरचा. आठवड्याने सीबीएसची चालू नोंद ६ एमबीची होती आणि टेम्पमध्ये कॅबची एकही फाइल नव्हती. मग पेनड्राइव्हवरचे तीन वर्षांचे फोटो परत यूजर्समध्ये आणले, आणि पेनड्राइव्हवरची नक्कल तशीच राहू दिली.