हाड शाबूत होतं

येवल्यात संक्रांत तीन दिवसांची, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. गच्चीवर हलकडीचा ताल, हातात मांजा गुंडाळलेली आसारी आणि शाळेत अर्धी हजेरी. १९९३ साली मी नववीत होते. करीच्या दुसऱ्या दिवशी वर्गातला एक मुलगा शर्टात गुंडाळून घार घेऊन आला. मांजा कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. आमच्यापैकी कुणाचाही असू शकला असता.

जीवशास्त्राच्या सरांनी तिच्यावर टॉवेल टाकला आणि लोंबणारा डावा पंख खांद्यापासून चाचपला. “हाड शाबूत आहे. मग पंख उचलत का नाही?” वर्ग गप्प. तिसऱ्या दिवशी खोक्यातच ती गेली.

पुढच्या आठवड्यात सरांनी खाटकाकडून कोंबडीचा अख्खा पंख आणला, जेवणाच्या स्टीलच्या डब्यात! (तो डबा नंतर घरी परत गेला का, हा प्रश्न आम्हाला दहावीपर्यंत पुरला.) पुढच्या कडेची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, त्यांनी चिमट्याने ओढली, तसा मिटलेला पंख उलगडला. मग दंडाच्या आतल्या बाजूचं मांस सारून एक पांढरी दोरी दाखवली. “ही नस. रक्ताची नव्हे, निरोपाची.”

आज मी जनावरांची डॉक्टर आहे आणि संक्रांतीनंतर माझ्या टेबलावर घारी येतात. मांडणी कोंबडीसारखीच. मानेच्या शेवटच्या आणि पाठीच्या पहिल्या मणक्यांपाशी निघालेल्या नसांचं खांद्याजवळ जाळं होतं. त्यातल्या पोटाकडच्या फाट्यातून छातीच्या स्नायूची नस निघते. पंखाचा खालचा फटका तिच्या जोरावर. त्याच फाट्यातली दुसरी नस दंडाच्या आतून, धमनीच्या सोबतीने, पंख मिटणाऱ्या स्नायूंकडे जाते. पाठीकडच्या फाट्यातली रेडियल नस मात्र दंडाच्या हाडाला वळसा घालून बाहेर येते आणि कोपर, मनगट उघडते. कोपराच्या वर ती हाडाला इतकी लगटून असते, की हाड मोडलं तर तिचीच काळजी आधी करावी लागते. मांजाला तर हाड मोडायचीही गरज नसते. पंखाच्या पुढची कातडी, कंडरा, मग नस, असा तो कापत जातो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी माझ्या चिमट्यात अजून नायलॉनच सापडतो.

बाबा पैठणी विणायचे. तुटलेला रेशमाचा धागा दोन बोटांत पीळ देऊन सांधायचे. नस तशी सांधत नाही. केसाहून बारीक टाक्यांनी टोकं जुळवली, तरी आतले तंतू नव्याने वाढत खाली उतरावे लागतात, दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर. तोवर स्नायू वाळतो. पंख फार दिवस बांधून ठेवला तर पुढची कातडी आखडते, ते वेगळंच.

म्हणून मी आधी पंखाच्या टोकाला चिमटा काढते. पंख नुसता मागे ओढला, तर पाठीच्या कण्यापुरतीच दाद मिळाली. घारीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, चोच मारली, तर निरोप मेंदूपर्यंत पोचला. यंदाच्या जानेवारीत एकीने माझा अंगठा फोडला. टाका घालणारा सहकारी विचारत होता, मॅडम, हसताय काय?