सीव्हीत नसलेलं चित्र

ठाण्यातल्या नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या एका गल्लीत आमचं डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे. डीटीपी आणि मशीन दोन्ही मी बघतो. निकाल लागले की सीव्ही छापायला मुलंमुली येतात. बहुतेकांचे चेहरे संध्याकाळपर्यंतसुद्धा लक्षात राहत नाहीत. गेल्या जुलैतली एक मुलगी मात्र राहिली.

पाऊस धरून बसला होता. असल्या हवेत कागद ओल धरतो, शीट वाकते, मशीनमध्ये अडकते. म्हणून लागेल तेव्हाच आम्ही रीम फोडतो. दुपारी तीनच्या सुमाराला ती कळव्याहून आली, छत्री दाराशी ठेवली आणि पेन ड्राइव्ह पुढे केला. "दादा, पंचवीस कॉपी हव्यात. उद्या सकाळपासून द्यायला निघायचंय." तिला इलस्ट्रेटर व्हायचं होतं. मुलांची पुस्तकं, दिवाळी अंक. जुलै म्हणजे दिवाळी अंकांची चित्रं वाटली जाण्याचे दिवस, त्यामुळे तिची घाई मला कळत होती.

फाइल उघडली. ए४ पान, काठोकाठ झगझगीत निळं. डावीकडे फोटो, त्याखाली पट्ट्या: फोटोशॉप ९० टक्के, इलस्ट्रेटर ८५, प्रोक्रिएटला चार तारे. कोपऱ्यात ब्रश आणि रंगांचे शिंतोडे. हे टेम्प्लेट मी आठवड्यातून दोनदा तरी बघतो. तिची स्वतःची चित्रं पार तळाशी होती, पोस्टाच्या तिकिटाएवढी सहा, एकमेकांना चिकटलेली.

मी एक ट्रायल काढली. निळा मळकट आला, जांभळ्याकडे झुकलेला. तिचा चेहराच उतरला. तिला सांगितलं, स्क्रीनवरचा रंग उजेडाचा असतो, आरजीबी. कागदावर सीएमवायकेचे चार टोनर एकावर एक बसतात, त्यांना हा निळा गाठता येत नाही. शिवाय तिच्या आडनावातला रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला होता, कारण सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांचा कंपोझर निवडलेला नव्हता. चारी बाजूंना ३ मिलिमीटरचं ब्लीड, कटिंगच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग, सोडलेलं नव्हतं, म्हणजे कटिंग केसभर हललं की कडेला पांढरी रेघ दिसणार. स्वतःच्या नावातच चूक बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला फार वाईट वाटलं. चार वर्षं शिकलेल्या मुलीला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

"बस थोडा वेळ, हातातलं काम उरकतो आणि आपण नीट करू," म्हटलं. एका मंडळाच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकांचं कटिंग चाललं होतं. अर्ध्या तासाने वळून पाहिलं तर ती स्टुलावर बसून वहीत काहीतरी काढत होती.

आमचे कटिंगचे काका गड्डी ठोकत होते, तेच चित्र. मशीनखाली घालण्याआधी गड्डी हातात सैल करायची, हवा भरायची, टेबलावर आपटून कडा एका रेषेत आणायच्या. हे करताना काकांचा उजवा अंगठा कडेवरून खाली सरकतो आणि एखादं पान पुढे आलेलं असेल तर तो तिथेच थांबतो. तीस वर्षांत कागदाने त्या अंगठ्यावर बारीक चिरा पाडल्यात. तिने तो थांबलेला अंगठा काढला होता, चिरांसकट. मी रोज त्या माणसाशेजारी उभा असतो, पण मला तो असा कधी दिसला नव्हता.

"हे का नाही सीव्हीत?"

"हे नुसतं स्केच आहे, दादा."

मी तिची वही मागून घेतली. लोकलमध्ये भाजी निवडणाऱ्या बायका, तलावपाळीच्या कट्ट्यावर झोपलेला म्हातारा. आणि एक दोन वेण्यांची पोर, पळताना, रुसलेली, पावसात, ताप आलेली. चारही ठिकाणी तीच पोर, बघताक्षणी ओळखू येणारी. मुलांच्या पुस्तकात हेच लागतं. पहिल्या पानावरची मुलगी शेवटच्या पानावरही तीच वाटली पाहिजे. हे जिला जमतं तिला ९० टक्क्यांची पट्टी कशाला हवी? आणि ९० टक्के म्हणजे कशाचे, हे बघणाऱ्याला तरी कसं कळणार?

मग आम्ही सगळं मोडून पुन्हा मांडलं. ए४ मधोमध दुमडून चार पानं. पुढे काकांचे हात आणि तिचं नाव, बाकी काही नाही. आत डावीकडे तीच पोर चार वेळा, उजवीकडे लोकलमधल्या बायका. मागे दहा ओळी: फोन, मेल, शिक्षण, केलेली कामं. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची ए ग्रेड काढून टाकू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, राहू दे, महाराष्ट्रात ती सगळ्यांना कळते.

चित्रं ६०० डीपीआयवर ग्रेस्केलमध्ये स्कॅन केली. पेन्सिलीचा करडा चार रंगांत छापला तर कधी हिरवट येतो, कधी तांबूस. म्हणून नुसत्या काळ्या टोनरवर ठेवला. मजकूरही तसाच, नाहीतर रंग जरासा सरकला तरी बारीक अक्षर फुटतं. कागद चकाकी नसलेला, २५० जीएसएम. १३ बाय १९ इंचांच्या शीटवर दोन ए४ बसले. एवढा जाड कागद थेट दुमडला तर घडीवर टोनर तडकतो, म्हणून काकांनी आधी क्रीझिंग मारलं, घडीच्या जागी खाच दाबून घेतली. मेलसाठी वेगळी पीडीएफ केली, अक्षरं कर्व्हमध्ये, नुसत्या आकृत्यांमध्ये, न बदलता, म्हणजे नाव आणि नंबर कॉपी होईल आणि अर्ज चाळणाऱ्या सॉफ्टवेअरलाही मजकूर वाचता येईल.

साडेनऊ वाजले. मशीन बंद केलं, पंचवीस कॉपी मोजून पाकिटात भरल्या. तिने त्यातली वरची काढून काकांना दाखवली. त्यांनी सवयीने आधी कडेवरून अंगठा फिरवला, कटिंग तपासलं. मग चित्राकडे पाहिलं. चष्मा वर सरकवून पुन्हा पाहिलं. बराच वेळ बोलले नाहीत.

"ही मला राहू दे," म्हणाले.

मी मशीन पुन्हा चालू केलं. ते तापायला पाचेक मिनिटं लागली, तोवर ती स्टुलावर बसून राहिली. मग पंचविसावी कॉपी काढली.